कोठीतल्या सात जणी

गेल्या वर्षी मला नागीण झाली. डाव्या कुशीवर, बरगडीच्या वळणाने, तांबड्या फोडांची अर्धी माळ उठली आणि पंधरा दिवस मी अंगावरचा सुती पदरसुद्धा सोसत नाही अशा अवस्थेत पडून होते. नागिणीची दोन्ही टोकं मिळाली की माणूस जातो, असं शेजारच्या बाईंनी धीर देण्याच्या सुरात सांगितलं. डॉक्टरीण तरुण होती. ती म्हणाली, आजी, हा बाहेरून आलेला रोग नव्हे. लहानपणी तुम्हाला कांजिण्या आल्या असतील, त्यांचाच विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं अवाक्षर न काढता बसून राहतो. "हर्पीस म्हणतात या कुळाला," ती म्हणाली. मी म्हटलं, हे कूळ माझ्या ओळखीचं आहे, आमच्या कोंबड्यांना त्यातलाच एक झाला होता. ती हसली. म्हातारी माणसं तापात काहीबाही बोलतात, हे तिला कॉलेजात शिकवलेलं असावं.

त्या काळात आम्ही अक्कलकोटच्या रस्त्याला, वळसंगच्या अलीकडे, वाटणीत आलेल्या तीन एकर बरड जमिनीवर राहत होतो. आम्ही म्हणजे माझे वडील अप्पा, आई अव्वा आणि मी. अप्पा सोलापूरच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. आयुष्याची बावीस वर्षं त्यांनी दुसरे लोक किती मिनिटं उशिरा आले हे लिहिण्यात घालवली होती आणि एके दिवशी, आता स्वतःचं काहीतरी करायचं, असं ठरवून ते नोकरी सोडून बाहेर पडले. वाऱ्याची दिशा बरोबर असली की गिरणीचा भोंगा आमच्या रानापर्यंत अस्पष्ट येई. तो आला की अप्पा खिशातलं घड्याळ काढून बघत आणि "दोन मिनिटं पुढं आहे" असं म्हणून परत ठेवत. पुढे कोण होतं, भोंगा की घड्याळ, हे मला कधी कळलं नाही.

घर म्हणजे दोन खोल्या, एक धान्याची कोठी आणि पुढे पत्र्याचा ओटा. शेजार नव्हता. सगळ्यांत जवळचं घर हाक पोचणार नाही इतक्या अंतरावर. सकाळी अव्वाच्या भाकरी थापण्याचा आवाज, दुपारी पत्रा तापून कडकड वाजायचा तो, आणि संध्याकाळी अक्कलकोटची एस.टी. चढावर दम टाकायची ती. या तीन आवाजांवर दिवस निघे. दुष्काळ नुकताच सरला होता. रेशनच्या लाल मिलोच्या भाकऱ्या खाऊन आमच्या जिभा निबर झाल्या होत्या. अप्पांनी मंगळवेढ्याहून ज्वारीचं पहिलं पोतं आणलं त्या दिवशी अव्वानं पहिली भाकरी तव्यावरून काढली, तिचा वास घेतला आणि ती कुणालाच न देता तशीच थोडा वेळ हातात धरून बसली. मग शेंगाची चटणी, वर कच्चं तेल, आणि तिघांपैकी कुणीही काही न बोलता झालेलं ते जेवण. मेजवान्या मी पुढे पुष्कळ खाल्ल्या. भाषणांशिवाय झालेली तेवढी एकच.

घरात दोन भाषा होत्या आणि त्यांची कामं वाटलेली होती. अप्पा माझ्याशी मराठीत बोलत, कारण मी शिकावं, असं त्यांना वाटे. अव्वा कन्नडात बोले. न्हाऊ घालताना, वेणी घालताना, रागावताना. 'नीर कोड' म्हणाली की पाणी द्यायचं, 'सुम्म कूड' म्हणाली की गप बसायचं. मराठी तिला येत होती, पण ती पायांत वहाणा घालाव्यात तशी फक्त बाहेर जाताना वापरी. एस.टी.चा कंडक्टर, बाजार, दवाखाना. घरात आली की वहाणा बाहेर.

आमचं घर लिंगायतांचं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, अंडं तर सोडाच, अंड्याचं नावही जेवताना काढायचं नाही. अशा घरातल्या माणसानं कोंबड्या पाळायचं ठरवलं, याला कारण एक सरकारी पुस्तिका. ती अप्पांनी इतक्या वेळा वाचली की तिच्या कडा मऊ पडल्या. त्यांचा सिद्धांत असा, की कळपात कोंबडाच नसेल तर अंड्यात जीव नसतो, जीव नाही तर हिंसा नाही, आणि हिंसा नाही तर अंडं हे एक प्रकारचं फळ आहे. हा सिद्धांत ते येईल त्याला समजावून सांगत. तो कुणालाही पटला नाही. स्वतः अप्पांनाही पुरता पटला नसावा, कारण त्यांनी ते फळ जन्मात कधी खाल्लं नाही.

शेडचं उद्घाटन मात्र झालं. जिल्ह्याचे एक साहेब येणार म्हणून सोलापूरहून मखमलीचा सोफा टेम्पोत घालून आणला आणि कोंबड्यांच्या शेडसमोर ठेवला. फीत होती, सोनेरी रंगाची कात्री होती, ध्वनिवर्धक होता. समोर ऐकायला दोनशे पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या कोंबड्यांशिवाय वीसेक माणसं होती, त्यातली अर्धी सोफ्याबरोबर आलेली. साहेबांनी अंडं हे राष्ट्राचं बळ आहे, असं सांगितलं, फीत कापली, फोटोवाल्यानं दिवा चमकावला आणि दोनशे कोंबड्या एकदम उडाल्या. शेडच्या दारातून पांढऱ्या कोंड्याचा एक ढग निघाला आणि साहेबांच्या अंगावर बसला. ते सलग सात-आठ वेळा शिंकले. त्यांनी ताबडतोब जेवणाचं निमंत्रण नाकारलं. अव्वानं पहाटेपासून केलेली हुग्गी, गव्हाची खीर, आम्ही तिघं दोन दिवस खात होतो.

त्यानंतर आमच्याकडे माणसं यायची थांबली. दर सोमवारी एक स्वामी येत. अव्वा त्यांचे पाय धुई, पाट मांडे, जेवू घाली. उद्घाटनानंतरच्या सोमवारी ते फाटकापर्यंत आले, वास घेतला, बाहेरूनच हात वर केला आणि गेले. अव्वानं मांडलेला पाट दुपारपर्यंत तसाच होता. अप्पांचे थोरले भाऊ, आमचे दोड्डप्पा, पेठेत कापडाचं दुकान चालवत. ते भर उन्हाळ्यात आले, ओट्याखाली उभे राहिले, घामानं निथळत होते. अव्वानं तांब्या पुढे केला.

"तहान न्हाय," ते म्हणाले.

"उन्हातून आलात, दादा," अप्पा म्हणाले.

"आलो. पन तहान न्हाय. तू कोंबड्या सोड, मी रांजण रिकामा करतो."

अव्वाच्या चार बहिणी आणि तीन नणंदा. सगळ्या अक्कलकोटपासून सोलापूरपर्यंत याच रस्त्याला दिलेल्या. पूर्वी नागपंचमीला, दसऱ्याला आमचा ओटा त्यांच्या बांगड्यांनी वाजे. आता एस.टी. आमच्या फाट्यावरून जाई, त्यात त्या असत, खिडकीतून हातही दिसे, पण उतरत कुणी नसे. शाळेत मी बसले की बाकावरच्या मुली सरकत. वास येतो म्हणत. येतही असेल. मी रोज दोनदा अंघोळ करायचे आणि मधल्या सुट्टीत एकटी डबा खायचे. पुस्तकं वाचायची सवय मला या सरकण्यानं लागली. पुस्तकं सरकत नाहीत.

अव्वानं त्यावर उपाय शोधला. मी एक दिवस शाळेतून आले तर ती शेडमध्ये कोंड्यावर बसून कुणाशीतरी कन्नडात भांडत होती. "दसऱ्याला येते म्हणालीस आणि आली नाहीस. सासूनं अडवलं म्हणतेस. सासू मेली त्याला पाच वर्षं झाली, नीलव्वा!" समोर एक कोंबडी मान वाकडी करून ऐकत होती. नीलव्वा ही माझी थोरली मावशी. अव्वानं सात कोंबड्या निवडल्या होत्या आणि त्यांना चार बहिणींची, तीन नणंदांची नावं दिली होती. एक तुरा लोंबणारी, ती मोठ्या नणंदेचं नाव लावून होती, आणि साम्य खरोखरच नाकारण्याजोगं नव्हतं. धाकटी मावशी गंगव्वा, ती सगळ्यांत बारीक कोंबडी. अव्वाच्या पदरात चोच घालून झोपायची. मला बघून अव्वा लाजली. मग म्हणाली, "एन् माडली? काय करू? कुणीतरी यायला नको का घरी?"

कोंबड्यांनी अंडी घालायला सुरुवात केली आणि महिनाभरात पहिली लंगडली. मग दुसरी. लंगडणं विचित्र होतं. एक पाय पुढे ताणलेला, एक मागे, जणू चालता चालता कुणी हाक मारली आणि ती तिथेच थांबली. मग ती तशीच पडून राही, डोळे उघडे, भूक शाबूत, आणि दाण्यापर्यंत मात्र पोचायची नाही. काहींचा एक डोळा राखी पडला. दोड्डप्पांनी निरोप धाडला की हे सिद्धेश्वराचं करणं आहे. अप्पांनी जनावरांच्या दवाखान्यात चिठ्ठी पाठवली.

डॉक्टर माने सायकलवर आले. करकंबचे. नुकतेच नोकरीला लागलेले, डोक्याला टोपी नाही, पायाला चिखल. ऑफिसातलं मराठी बोलायला सुरुवात करत आणि दोन वाक्यांत गावाकडे वळत. ओट्यावर आल्या आल्या म्हणाले, "अव्वा, पानी द्या की. लई चढ हाय तुमचा."

अव्वा क्षणभर हललीच नाही. मग आत गेली आणि रोजचा तांब्या नव्हे, सणाचा पितळी तांब्या घेऊन आली. त्यांनी तो उंच धरून, घटाघटा, पुरा रिकामा केला. वर्षभरात आमच्या घरचं पाणी प्यालेला तो पहिला माणूस.

त्यांनी एक मेलेली कोंबडी धुण्याच्या दगडावर उघडली. अव्वा आत गेली. अप्पा आभाळाकडे बघत उभे राहिले. मी जवळ गेले, कारण त्यांनी, "पाय धर गं पोरी," म्हटलं आणि मला काही कुणी करायला सांगून बरेच दिवस झाले होते. मांडीचे स्नायू बाजूला करून त्यांनी दोन्ही पायांच्या शिरा दाखवल्या. उजवीकडची शिवणाच्या दोऱ्याएवढी, पांढरी, आडव्या बारीक रेघांची. डावीकडची निरांजनातल्या तेल प्यालेल्या वातीसारखी फुगलेली, पिवळट.

"हितं बसतो," डॉक्टर म्हणाले. "मज्जातंतूत. मरेक्स म्हनत्यात. औषध न्हाय."

"अंड्यातून येतो?" अप्पांनी आभाळाकडे बघतच विचारलं.

"न्हाय. पिसांच्या मुळातनं जो कोंडा झडतो ना, त्यातनं. त्यो धुळीत महिनोन् महिने जित्ता ऱ्हातो. तुमच्या अंगावर, पदरावर, बुटावर."

मला साहेबांच्या अंगावर बसलेला ढग आठवला. डॉक्टरांनी मग उपाय सांगितला आणि तो साधा होता. आजारी, धडधाकट, सगळा कळप काढायचा. मारायचा आणि खोल पुरायचा. शेडचा भुसा जाळायचा, चुना मारायचा, दोन महिने रिकामं ठेवायचं. मग नवी पिल्लं आणायची. त्यांना नवीन लस आली होती. टर्की नावाच्या पक्ष्याच्या अंगातला तसलाच, पण निरुपद्रवी विषाणू. "ती पहिल्या दिवशी टोचली तरी अंगात भिनायला दोन हप्ते लागत्यात. तोवर जुना कोंडा पिल्लांच्या वाऱ्यालाबी नको. कळलं?"

कळलं सगळ्यांना. प्रश्न मारण्याचा होता. आमच्या घरात ढेकूणसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडत. अप्पांनी शेवटी वळसंगहून एक माणूस बोलावला, पाट्या दिल्या आणि त्या दिवशी कामच काढून स्वतः सोलापूरला निघून गेले. त्या माणसानं पाट्या भरल्या, ओढ्याकडे नेल्या. मी ओट्यावर भूमितीचं पुस्तक उघडून बसले होते. अव्वा कोठीच्या दाराला पाठ लावून उभी होती आणि दाराच्या आतून अगदी बारीक, घशातल्या घशात, कुर्रर्र असा आवाज येत होता.

मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "सुम्म कूड." मी गप बसले.

सातही जणी होत्या. चौघी लंगड्या, गंगव्वाचा एक डोळा राखी. धान्याच्या कोठीत अप्पा कधी पाऊल टाकत नसत. अव्वा त्यांना कोमट पाण्यात ज्वारीचं पीठ कालवून बोटानं भरवी. "उण्णव्वा, उण्णव्वा," जेव बाई, जेव. शेडला चुना बसला, भुसा जळला, दोन महिने शेड रिकामं राहिलं, सगळं पुस्तिकेबरहुकूम झालं. आणि भिंतीपलीकडे त्या सात जणी अंग झाडत बसल्या होत्या. मला रोग कसा पसरतो ते ठाऊक होतं. ती वात मी डोळ्यांनी बघितली होती, पाय मीच धरला होता. पण शाळेतून आले की अव्वा कोठीत गुणगुणत असे, आणि ते गुणगुणणं मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. सोळा वर्षांच्या मुलीनं यात काय निवडायला हवं होतं, हे आज मला कुणी विचारलं तर मी एका दमात सांगेन. तेव्हा मला कुणी विचारलं नाही.

नवी पिल्लं रेल्वेनं, भोकं पाडलेल्या खोक्यांतून आली. लस बर्फाच्या थर्मासात. डॉक्टर माने स्वतः स्टेशनवर जाऊन दोन्ही घेऊन आले. आमच्या ओट्यावर मांडी घालून त्यांनी दोनशे पिल्लांच्या मानेला एकेक करून सुई टोचली. मी पिल्लू त्यांच्या हातात देत होते, टोचलं की परत घेऊन अव्वाला देत होते, अव्वा शेडमध्ये सोडत होती. मधेच डॉक्टर म्हणाले, "हात हलका हाय पोरीचा. सायन्सला घाला हिला, अप्पा." ते वाक्य मी पुढे पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवताना वापरलं, बहुतेक वेळा अपात्र मुलांसाठी. अव्वा पिल्लं पदरात घेऊन नेत होती. त्याच पदरात सकाळी गंगव्वा झोपली होती. पिल्लू तिच्या हातात देताना प्रत्येक वेळी माझ्या तोंडाशी एक वाक्य येत होतं. दोनशे वेळा आलं.

नंतर दोन महिने काही झालं नाही. पिल्लं पांढरी, टणक, गलका करणारी. मला वाटायला लागलं की डॉक्टर चुकले असतील. कोठीतल्या चार जणी तोवर एकेक करून गेल्या होत्या. अव्वानं त्यांना चिंचेखाली पुरलं, विभूती लावून. आणि मग एका रविवारी मी दाणे टाकायला शेडमध्ये गेले, तर एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, एक पाय पुढे आणि दुसरा मागे ताणून, जणू कुणी हाक मारली आहे अशी, पडली होती.

महिन्याभरात निम्मा कळप गेला, उरलेला त्यापुढच्या महिन्यात. शेवटी अप्पा लिहायला बसले. अर्ज लिहिणं ही त्यांची एकमेव कला होती आणि ती इंग्रजीत होती. तीन पानं. सुरुवात 'आय बेग टू स्टेट' अशी, आणि शेवटाकडे जाताना वाक्यं इतकी डौलदार होत गेली की वाचणाऱ्याला कोंबड्या मेल्याचं वाईट वाटण्याऐवजी त्या अशा अर्जासाठी मेल्या याचा अभिमान वाटावा. मथितार्थ एवढाच, की शेड निर्दोष होतं, नियम पाळले होते, तेव्हा लसच बिघडलेली असणार. स्टेशनवरून आणताना बर्फ वितळला असणार. संबंधित डॉक्टरांच्या हलगर्जीपणाची चौकशी व्हावी. ही भाषा सरकारला समजते. आठवड्याभरात डॉक्टर माने यांना काम थांबवून जबाब द्यायला बोलावलं आणि ते नोकरीत अजून कच्चेच असल्यामुळे घरी पाठवतील, असं कंपाउंडरनं फाट्यावर मला सांगितलं. "साहेबानं थर्मास सोता मांडीवर धरून आनलावता," तो म्हणाला. "पन मांडीचा दाखला कुटं मिळतो?"

त्या दिवशी मी अप्पांना सांगितलं. ते विहिरीवर होते. सात कोंबड्या, कोठी, पदर, सगळं. त्यांनी पोहरा खाली ठेवला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि तू आज सांगतेस?"

मी पोहऱ्याचा दोर गुंडाळायला घेतला.

"अर्ज गेलाय," ते म्हणाले.

"दुसरा लिहा की, अप्पा. डॉक्टरांची नोकरी जाईल."

"काय लिहू? नियम मोडले ते माझ्या घरात? माझ्या बायकोनं?" त्यांनी सवयीनं खिशातलं घड्याळ काढलं आणि न बघताच परत ठेवलं. "दादा हसतील. पेठ हसेल." मग हळू आवाजात, "तिला काही बोलू नकोस. तिला दुसरं आहे कोण?"

हे त्यांचं वाक्य मी आयुष्यभर त्यांच्या बाजूनं मांडलं आहे. पण त्या क्षणी मला फक्त उंच धरलेला पितळी तांब्या दिसत होता.

पत्र मी शाळेत, डबा खायच्या वेळात लिहिलं. मराठीत, वहीच्या पानावर, चार ओळी. जुन्या कळपातल्या सात आजारी कोंबड्या आमच्या घरात ठेवल्या होत्या. त्यांची देखभाल करणाऱ्यानंच नवी पिल्लं हाताळली. डॉक्टरांनी याबाबत बजावलं होतं. लसीचा दोष नाही. खाली नाव लिहिलं. तेवढ्या ओळींत एकही डौलदार शब्द नव्हता, म्हणून सरकार ते वाचेल अशी मला फारशी आशा नव्हती.

सरकारनं वाचलं, आणि मोठ्यानं. एका सकाळी जीपमधून चौकशी अधिकारी आले, मागे डॉक्टर माने मान खाली घालून. अधिकाऱ्यांना टेबल हवं होतं. टेबल नव्हतं, म्हणून अंड्यांच्या रिकाम्या खोक्यांची चळत लावून त्यावर फाइल मांडली. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि उद्घाटनाच्या साहेबांच्याच सुरात माझं पत्र वाचून दाखवलं. शेवटी म्हणाले, "खाली सही आहे. ती आम्ही गोपनीय ठेवतो." आणि माझ्याकडे बघितलं. अप्पांनी बघितलं. डॉक्टरांनी तेवढं बघितलं नाही.

अव्वा दाराच्या चौकटीत उभी होती. तिनं अधिकाऱ्याच्या नजरेमागून नजर आणली.

"नी बरदीयेनु?" तिनं मला विचारलं. तू लिहिलंस?

"हौदु," मी म्हटलं. हो.

तिनं पदर खांद्यावर नीट घेतला आणि अधिकाऱ्याकडे वळली. "खरं हाय," ती मराठीत म्हणाली. "डाक्टरनं सांगितलं मारा. म्या सातांना मारलं न्हाय. म्हनून ते दोनशे मेले. त्येचं काय बी चुकलं न्हाय. लिवा."

अधिकाऱ्यांनी लिहिलं. "त्या सात कुठे आहेत?"

ती आत गेली आणि गंगव्वाला काखेत घेऊन आली. बाकीच्या दोघीही पंधरवड्यापूर्वी गेल्या होत्या. राहिली ती एवढीच. पाय सरळ झाले होते, एक डोळा मात्र राखी, आणि ती त्या डोळ्यानं फाइलीकडे बघत होती. अधिकारी खुर्चीसकट मागे सरकले. "हिची विल्हेवाट नियमानं..."

"ऱ्हाऊ द्या, साहेब," डॉक्टर माने पहिल्यांदाच बोलले. "रोग आता जन्मभर हिच्या अंगात ऱ्हानार. पन शेड रिकामं झालं. आसपास दुसरी कोंबडी न्हाय. हिच्यापासनं आता कुनाला काय बी लागायचं न्हाय."

जाताना त्यांनी अव्वाकडे पाणी मागितलं. तिनं पितळी तांब्यातच दिलं. त्यांची नोकरी राहिली. पुढे ते मोठ्या हुद्द्यावर गेले असं मी ऐकलं. मला त्यांनी कधी काही म्हटलं नाही, आणि मी त्यांना पुन्हा भेटले नाही.

शेड बंद झालं. अप्पा एका दुकानात हिशेबनीस म्हणून रुजू झाले आणि भोंगा ऐकून पुन्हा वेळेवर जायला लागले. चौथ्या सोमवारी स्वामी फाटकातून आत आले. दोड्डप्पा आले, एक तांब्या पाणी प्याले, आणखी एक मागितला आणि शब्द पाळल्याच्या समाधानानं मिशा पुसल्या. दसऱ्याला मावश्या उतरल्या, नीलव्वा सगळ्यांत पुढे. ओटा बांगड्यांनी वाजला. त्यांच्यात बसून अव्वा हसत होती, आणि मधेच उठून परसात जाऊन येत होती.

मला कळायला काही दिवस लागले. चौकशीच्या संध्याकाळी ती म्हणाली, "जेवायला ये." मला वाटलं, अजून साहेबांचं मराठी जिभेवर असेल. दुसऱ्या दिवशी वेणी घालताना म्हणाली, "मान सरळ धर." रागावून नव्हे, आवाज तोच, हात तेच, खोबरेल तेलाचा वासही तोच. एस.टी.च्या कंडक्टरशी बोलावं तितकं नीट, तितकं नेमकं. मी कन्नडात विचारायचे, ती मराठीत उत्तर द्यायची. हळूहळू मीही कन्नडात विचारायचं सोडलं. परसात मात्र रोज दुपारी तिचं बोलणं चाले. गंगव्वा तीन वर्षं जगली. मी आत भाकऱ्या थापत असे आणि भिंतीपलीकडून ऐकू येई, "उण्णव्वा, उण्णव्वा." कधी कधी मी हात थांबवून ऐकायचे.

अव्वा खूप वर्षांनी, सोलापूरच्या दवाखान्यात गेली. तिथे अक्कलकोटकडची एक नर्स होती. तिच्याशी ती शेवटच्या आठवड्यात कन्नडात भरभरून बोलली. माहेर, विहीर, बहिणी, सगळं. नर्स हसे, मीही हसे. मग अव्वा मान वळवून माझ्याकडे बघे. नजरेत काही राग नसे.

"पाणी दे," ती म्हणे.